हिंगोलीतल्या यंत्रामागचा प्राध्यापक: ॲल्बर्ट मायकेलसन आणि न सापडलेला ईथर

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथचं नाव आजवर ज्योतिर्लिंगासाठी घेतलं जायचं. आता ते 'लायगो-इंडिया'च्या बातम्यांतही येतं. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि मे महिन्यात पायाभरणी झाली. एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी, टोकांना आरसे आणि लेसरचा झोत. यातून म्हणे अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी 'पकडणार'. नळ्या आणि आरसे घेऊन लहरी कशा पकडतात, हे मात्र बातमीत सहसा नसतं.

ते समजून घ्यायचं तर सुमारे 140 वर्षं मागे जावं लागतं. काटकोनातल्या दोन वाटांवरून प्रकाश धाडायचा, आरशांवरून परत आणायचा आणि कोणता झोत किती मागे पडला ते बघायचं, ही युक्ती 1881 साली ॲल्बर्ट अब्राहम मायकेलसन या 28 वर्षांच्या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने प्रत्यक्षात आणली. पुढे तो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला, विज्ञानातलं नोबेल मिळवणारा पहिला अमेरिकी ठरला. पण ज्या गोष्टीच्या शोधासाठी त्याने हे यंत्र बनवलं, ती त्याला जन्मभर सापडली नाही. माझ्या मते ते न सापडणं हेच त्याचं सर्वांत मोठं काम आहे. असं का म्हणतो, ते सांगण्यासाठी हा लेख.

खाणकाम्यांच्या गावातून नौदलात

मायकेलसनचा जन्म 19 डिसेंबर 1852 चा, प्रशियातल्या स्ट्रेल्नो गावचा. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तो अगदी लहान असताना त्याचं ज्यू कुटुंब अमेरिकेला गेलं. कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणी लागल्या होत्या आणि खाणकाम्यांना लागणारा माल विकणं हा वडिलांचा धंदा. त्यामुळे पोराचं बालपण आधी कॅलिफोर्नियातल्या मर्फीज कॅम्पमध्ये आणि मग नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीत, म्हणजे खाणींच्या गावांत गेलं. शाळा सॅन फ्रान्सिस्कोत झाली.

घरची परिस्थिती बेताची. फुकट आणि उत्तम शिक्षणाचा एक रस्ता होता, ॲनापोलिसची नौदल अकादमी. 1869 साली नेवाडाच्या जागेसाठी त्याने परीक्षा दिली, बरोबरीत पहिला आला, पण जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. सोळा वर्षांचा हा मुलगा मग थेट वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना भेटला. राष्ट्राध्यक्षांच्या हातात दहा जागा असत आणि त्या दहाही भरलेल्या होत्या. तरीही शेवटी त्याच्यासाठी अकरावी जागा निघाली. माझी कारकीर्द एका बेकायदेशीर कृत्याने सुरू झाली, असं तो पुढे हसत सांगायचा.

1873 साली तो पदवीधर झाला. प्रकाशशास्त्रात अव्वल, नौकानयनात यथातथा. काही काळ समुद्रावर काढून 1875 मध्ये तो त्याच अकादमीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवायला परतला.

प्रकाशाचा वेग मोजायचा कसा?

शिकवता शिकवताच पहिलं मोठं काम हाती आलं. फ्रान्समध्ये फुको या शास्त्रज्ञाने फिरता आरसा वापरून प्रकाशाचा वेग मोजला होता. वेगाने फिरणाऱ्या आरशावर प्रकाश पाडायचा. तिथून तो दूरच्या स्थिर आरशाकडे जातो आणि परत येतो. तेवढ्या क्षणात फिरता आरसा किंचित वळलेला असतो, त्यामुळे परतलेला प्रकाश निघाला होता त्या जागी न पडता थोडा बाजूला पडतो. ही सरक मोजली आणि आरसा सेकंदाला किती फेरे घेतो हे माहीत असलं, की वेग काढता येतो.

फुकोची अडचण अशी की त्याची सरक एक मिलिमीटरही भरत नव्हती. मायकेलसनने मांडणी बदलून दोन आरशांमधलं अंतर सुमारे 600 मीटर केलं. एवढी ये-जा करायला प्रकाशाला एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी चार भाग लागतात. आरसा सेकंदाला सुमारे 257 फेरे घेत होता. सरक तेरा सेंटिमीटरांच्या आसपास आली, म्हणजे साध्या पट्टीवरही नीट दिसावी एवढी. खर्चासाठी त्याच्या सासऱ्यांनी 2,000 डॉलर दिले.

1879 च्या या मोजणीतून, पुढच्या दुरुस्त्या धरून, सेकंदाला 2,99,910 किलोमीटर हा आकडा निघाला. आजचा मान्य आकडा 2,99,792.458 आहे. चूक शंभर-सव्वाशे किलोमीटरची, टक्केवारीत पाहिलं तर एक टक्क्याच्या पंचविसाव्या भागाइतकी. विशीतल्या शिक्षकाचं नाव युरोपात पोचलं.

ईथर म्हणजे काय आणि तो हवा कशाला होता?

इथून मुख्य गोष्ट सुरू होते. तेव्हाच्या सर्व शास्त्रज्ञांना एक प्रश्न छळत होता. पाण्यावरच्या लाटांना पाणी लागतं, आवाजाला हवा लागते. प्रकाश हीसुद्धा लहर आहे, हे प्रयोगांनी पक्कं झालं होतं. मग सूर्यापासून आपल्यापर्यंतच्या रिकाम्या जागेत ही लहर कशाच्या आधाराने येते?

उत्तर म्हणून एक पदार्थ मानला गेला, त्याचं नाव ईथर. तो सगळीकडे भरलेला, डोळ्यांना न दिसणारा, ग्रहांना यत्किंचितही न अडवणारा. आज हे विचित्र वाटतं. पण त्या काळातली अत्यंत बुद्धिमान माणसं, प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे असं दाखवणाऱ्या मॅक्सवेलसारखी माणसं, तो आहे असंच धरून गणित करत होती आणि ती गणितं बरोबर येत होती. ईथर मानणं हा तेव्हा अंधविश्वास नव्हता. हातात असलेल्या पुराव्यावरून काढलेला तो सरळ निष्कर्ष होता.

आता पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने फिरते. ईथर जर अवकाशात स्थिर असेल, तर पृथ्वीवर उभं राहिल्यावर ईथरचा वारा अंगावर यायला हवा आणि त्या वाऱ्यामुळे वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या प्रकाशाच्या वेगात फरक पडायला हवा. 1879 च्या मार्चमध्ये मॅक्सवेलने वॉशिंग्टनमधल्या एका खगोलशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत हा परिणाम दहा कोटींत एक भाग एवढा बारीक असेल, तो मोजणं शक्य नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी मायकेलसन त्या खगोलशास्त्रज्ञाच्याच कार्यालयात काम करू लागला. पत्र त्याच्या वाचनात आलं आणि 'शक्य नाही' हा शब्द त्याने मान्य केला नाही.

दोन पोहणारे आणि एक नदी

आपल्या मुलांना मायकेलसन ही गोष्ट पोहण्याच्या शर्यतीने समजावून सांगायचा. तेच उदाहरण आकडे घालून बघू.

नदीचं पात्र 400 मीटर रुंद आहे. प्रवाहाचा वेग ताशी 3 किलोमीटर, आणि दोघं पोहणारे ताशी 5 किलोमीटरने पोहतात. पहिला प्रवाहाबरोबर 400 मीटर खाली जातो आणि उलटा वर येतो. खाली जाताना त्याचा वेग 8, म्हणून 3 मिनिटं. वर येताना वेग 2, म्हणून 12 मिनिटं. एकूण 15. दुसरा पात्र ओलांडून समोरच्या काठाला जातो आणि परत येतो. प्रवाह त्याला खाली ओढतो, म्हणून त्याला थोडं तिरकं वरच्या अंगाला पोहावं लागतं आणि समोरच्या दिशेने त्याचा वेग 4 उरतो. जाऊन-येऊन 800 मीटर, 12 मिनिटं.

अंतर सारखं, पोहण्याची ताकद सारखी, तरी आडवा जाणारा आधी येतो. नदीला प्रवाह असेल तर तोच जिंकणार. प्रवाहच नसेल तर दोघं एकाच क्षणी काठाला लागतील. म्हणजे पाण्याला हात न लावता, नुसती शर्यत बघून प्रवाह आहे की नाही ते सांगता येतं. इथे पोहणारे म्हणजे प्रकाशाचे दोन झोत आणि प्रवाह म्हणजे ईथरचा वारा.

पण एवढा बारीक फरक दिसणार कसा?

जगातलं कोणतंही घड्याळ तेव्हा हा फरक दाखवू शकलं नसतं. मायकेलसनने घड्याळाला रजा दिली आणि प्रकाशालाच मोजपट्टी बनवलं.

एका काचेवर चांदीचा इतका पातळ थर दिला की अर्धा प्रकाश आरपार जाईल आणि अर्धा परावर्तित होईल. अशा काचेवर एक झोत पाडला की त्याचे दोन होतात आणि काटकोनात निघतात. दोन्ही वाटांच्या टोकांना आरसे. परत आलेले झोत त्याच काचेवर एकत्र येतात आणि दुर्बिणीत शिरतात. दोन लहरींचे उंचवटे एकमेकांवर आले तर उजेड पडतो; एकीच्या उंचवट्यावर दुसरीचा खळगा आला तर अंधार. याला व्यतिकरण म्हणतात, आणि या यंत्राला व्यतिकरणमापी किंवा इंटरफेरोमीटर. दुर्बिणीत एकाआड एक उजळ आणि काळे पट्टे दिसतात. एक झोत दुसऱ्यापेक्षा एका लहरीने मागे पडला तर सगळे पट्टे एका पट्ट्याच्या जागेएवढे सरकतात. प्रकाशाची एक लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास असते. एवढ्या बारीक खुणांची पट्टी त्याच्या हाती आली.

एक शंका इथेच येईल: दोन्ही वाटा लहरीच्या अंशापर्यंत तंतोतंत सारख्या कशा करणार? करता येतच नाहीत आणि त्याची गरजही नाही. सगळं यंत्र काटकोनात फिरवायचं. आधी वाऱ्याच्या दिशेला असलेली वाट आता आडवी होते, आडवी असलेली वाऱ्याच्या तोंडी येते. ईथरचा वारा असेल तर फिरवताना पट्टे सरकतील. मुळात पट्टे कुठे होते याला महत्त्व नाही, ते हलतात का एवढंच बघायचं. मला या प्रयोगातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो.

पहिला प्रयत्न: बर्लिन आणि पॉट्सडॅम

1880 मध्ये रजा घेऊन मायकेलसन युरोपात गेला आणि बर्लिनला हेल्महोल्ट्झ या नामवंत जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. यंत्राचा खर्च टेलिफोनच्या ग्रॅहम बेलने दिलेल्या पैशांतून झाला. बर्लिनच्या रस्त्यांवरच्या वर्दळीने पट्टे थरथरू लागले, म्हणून यंत्र पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवावं लागलं. तिथेही शंभर मीटरवर कुणी फरशीवर पाय आपटला तरी पट्टे दिसेनासे होत.

एप्रिल 1881 मध्ये मोजणी झाली. पट्टे सरकले नाहीत. स्थिर ईथरची कल्पना चुकीची, असं मायकेलसनने लिहून टाकलं. पण त्याच्या हिशोबात एक चूक होती. आडव्या जाणाऱ्या झोतालाही वाऱ्यामुळे थोडा उशीर होतो, हे त्याने धरलं नव्हतं, त्यामुळे अपेक्षित सरक प्रत्यक्षाच्या दुप्पट आली होती. पॅरिसमध्ये पोटिए आणि हॉलंडमध्ये लोरेंट्झ यांनी ही चूक दाखवली. सरक निम्म्यावर आल्यावर ती या छोट्या यंत्राच्या आवाक्यात उरत नव्हती. निकाल अधांतरी राहिला.

क्लीव्हलंड, जुलै 1887

नौदल सोडून मायकेलसन ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडच्या केस स्कूलमध्ये प्राध्यापक झाला. शेजारच्याच वेस्टर्न रिझर्व्ह महाविद्यालयात एडवर्ड मोर्ली हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. स्वभावाने शांत, हाताने अत्यंत काटेकोर, वयाने मायकेलसनपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. दोघांची जोडी जमली. मधल्या काळात मायकेलसनला मानसिक थकव्याने काही महिने काम सोडावं लागलं आणि त्या दिवसांत मोर्लीने हाती घेतलेलं काम चालू ठेवलं. 1886 साली केस स्कूलची इमारत आगीत सापडली, तेव्हा सामान मोर्लीच्या महाविद्यालयात हलवलं. लॉर्ड रॅले आणि केल्विन यांच्यासारखे वडीलधारे शास्त्रज्ञ, तो प्रयोग पुन्हा कर, असं सांगत होतेच.

या वेळी त्यांनी दीड मीटर लांब-रुंद आणि तीस सेंटिमीटर जाड वालुकाश्माची शिळा घेतली. गोल लोखंडी चरात पारा भरला, पाऱ्यावर लाकडी तरंगतं कडं आणि त्यावर शिळा. पाऱ्यावर तरंगत असल्याने धक्के पोचत नव्हते, आणि एकदा हलका हात लावला की ती अवजड शिळा कितीतरी वेळ सावकाश फिरत राही. शिळेच्या प्रत्येक कोपऱ्यावर चार-चार आरसे. त्यांच्यामध्ये प्रकाशाला पुन्हा पुन्हा फिरवून वाटेची लांबी 11 मीटर केली.

आता हिशोब बघा, तो करायला सोपा आहे. 11 मीटरमध्ये प्रकाशाच्या सुमारे दोन कोटी लहरी मावतात. पृथ्वीचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या दहा हजाराव्या भागाइतका, आणि शर्यतीतला फरक या गुणोत्तराच्या वर्गाने ठरतो, म्हणजे मॅक्सवेलने म्हटलेला दहा कोटींत एक भाग. दोन कोटींना दहा कोटींनी भागलं की एक पंचमांश लहर येते. यंत्र फिरवल्यावर दोन वाटांची अदलाबदल होते, म्हणून दुप्पट. अपेक्षित सरक: 0.4 पट्टा. आणि त्यांना पट्ट्याचा शंभरावा भागही ओळखता येत होता.

8 ते 12 जुलैदरम्यान, दुपारी आणि संध्याकाळी, शिळा फिरत ठेवून, तिच्याबरोबर चालत, दुर्बिणीला डोळा लावून एका फेरीत सोळा ठिकाणी नोंदी घेतल्या गेल्या. सरक अपेक्षेच्या विसाव्या भागापेक्षा नक्कीच कमी आणि बहुधा चाळिसाव्या भागापेक्षाही कमी निघाली. नदीला प्रवाह नव्हता.

म्हणजे प्रयोग फसला ना? मग एवढं नाव का?

स्वतः मायकेलसनला निराशाच वाटली. पण एखादी गोष्ट 'दिसली नाही' याचे दोन अर्थ होतात. एक, बघण्याची सोयच नव्हती. दुसरा, असती तर दिसलीच असती एवढी सोय होती आणि तरी दिसली नाही. 1881 चा निकाल पहिल्या प्रकारचा होता, 1887 चा दुसऱ्या. शिळा, पारा, सोळा आरसे, सहा वर्षांची मेहनत, हे सगळं पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे जाण्यासाठी खर्ची पडलं. अपेक्षेच्या चाळीसपट बारीक मोजणारं यंत्र जेव्हा 'नाही' म्हणतं, तेव्हा तो 'नाही' सिद्धान्ताला पेलावा लागतो.

कुणी म्हणेल, चाळिसावा भाग म्हणजे शून्य नव्हे. बरोबर आहे. सरक वेगाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे चाळिसावा भाग सरक म्हणजे ईथर-वाऱ्याचा वेग पृथ्वीच्या वेगाच्या साधारण सहाव्या भागापर्यंत असू शकतो, असाच अर्थ होतो आणि या दोघांनी तो प्रामाणिकपणे लिहिला. शून्याच्या जवळ नेण्याचं काम पुढच्यांनी केलं. 2009 मध्ये लेसर वापरून केलेल्या अशाच प्रयोगांत, एकावर सतरा शून्यं दिल्यावर येणाऱ्या आकड्यातल्या एका भागापर्यंत शोधूनही दिशेनुसार प्रकाशाच्या वेगात फरक मिळाला नाही.

पृथ्वीच ईथर ओढून नेत असेल तर?

हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि मायकेलसनचा स्वतःचा कलही तिकडे होता. जमिनीलगतचा ईथर पृथ्वीबरोबरच चालत असेल तर वारा लागणारच नाही. पण या पळवाटेला आकाशातले तारे आडवे येतात. इंग्लंडच्या ब्रॅडलीने 1720 च्या दशकात दाखवलं होतं की पृथ्वीच्या गतीमुळे दुर्बीण पुढच्या दिशेला किंचित कलती धरावी लागते आणि तारे वर्षभरात छोटी लंबवर्तुळं काढताना दिसतात. पृथ्वी आपल्याभोवतीचा ईथर बरोबर नेत असती, तर हा कल लागलाच नसता. म्हणजे तारे म्हणतात ईथर ओढला जात नाही, आणि शिळा म्हणते वारा नाही. दोन्ही खरं असेल तर ईथरच गोत्यात येतो.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. केस स्कूलमध्येच मायकेलसननंतर आलेल्या डेटन मिलरने पुढे कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन या डोंगरावरच्या वेधशाळेत हजारो नोंदी घेतल्या आणि 1925 मध्ये थोडा वारा सापडल्याचं जाहीर केलं. इतरांना तो मिळाला नाही. 1955 साली मिलरच्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा खोलीतल्या तापमानाच्या चढउतारांकडे बोट गेलं.

1925 मध्येच मायकेलसनने गेल या सहकाऱ्याच्या साथीने शिकागोजवळ जमिनीवर सहाशे मीटरहून लांब नळांचा आयत टाकून प्रकाशाच्या साहाय्याने पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं मोजून दाखवलं. गरगर फिरणं प्रकाशाला कळतं. सरळ धावणं कळत नाही.

आइन्स्टाइनला सापेक्षता यातूनच सुचली का?

पाठ्यपुस्तकांत तसं छापलेलं असतं, पण वाट इतकी सरळ नव्हती. आधी आयर्लंडच्या फिट्झजेराल्डने 1889 मध्ये आणि स्वतंत्रपणे लोरेंट्झने 1892 मध्ये सुचवलं की ईथरमधून धावणारी प्रत्येक वस्तू धावण्याच्या दिशेने थोडी आखडत असेल. किती? पृथ्वीचा 12,700 किलोमीटरचा व्यास सुमारे सहा सेंटिमीटरने कमी झाला तरी पुरे. वाट आखडली की शर्यत बरोबरीत सुटते. सूत्र बरोबर होतं, कारण मात्र ठिगळ लावल्यासारखं वाटत होतं.

आइन्स्टाइनने 1905 मध्ये ठिगळाची गरजच काढून टाकली. प्रकाशाचा वेग सर्व निरीक्षकांना सारखाच दिसतो, असं त्याने गृहीत धरलं. मग शर्यत बरोबरीत सुटण्यात नवल उरत नाही. आकुंचन आणि काळाचं मंद होणं त्यातून आपोआप निघतं. त्या निबंधात ईथरमधली गती शोधण्याच्या अयशस्वी प्रयत्नांचा ओझरता उल्लेख आहे, मायकेलसनचं नाव नाही. निबंधाची सुरुवात होते चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यापासून. पण बाकीच्या शास्त्रज्ञांनी आइन्स्टाइनवर विश्वास ठेवावा यासाठी क्लीव्हलंडची शिळा आधीच साक्षीला उभी होती.

मायकेलसनला सापेक्षता शेवटपर्यंत रुचली नाही. जानेवारी 1931 मध्ये पासाडेनाला दोघांची भेट झाली. माझ्या कामातून हा राक्षस जन्माला आला याचं वाईट वाटतं, असं तो आपल्याला म्हणाल्याची आठवण आइन्स्टाइनने नंतर सांगितली. मला यात हट्ट दिसत नाही. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षं एका गोष्टीच्या शोधात घातली, त्याला ती नाहीच असं मानणं जड जाणारच. आणि तरीही त्याने आकडे आपल्या बाजूला वळवले नाहीत.

मग हिंगोलीतलं यंत्र काय मोजणार?

लायगोची रचना मायकेलसनचीच: एक झोत दोन करायचा, काटकोनात पाठवायचा, परत आणून पट्टे बघायचे. ईथरचा वारा शोधायचा नाही, म्हणून यंत्र फिरवायचं नाही. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होतात तेव्हा अवकाशच ताणलं-आखडलं जातं आणि ती लहर पृथ्वीवरून जाताना एक वाट किंचित लांब, दुसरी किंचित आखूड करते. लगेच उलट. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या दोन लायगोंनी अशी पहिली लहर टिपली. चार किलोमीटरच्या वाटेतला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या पातळीचा होता. शिळेवर मायकेलसनने आरसे वाढवून वाट लांबवली, तसंच इथे प्रत्येक वाटेत प्रकाश सुमारे तीनशे वेळा ये-जा करतो. गोंगाटातून असा क्षीण संकेत वेगळा काढण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं आधीपासून काम करत होते.

यावर एक रास्त शंका नेहमी येते. अवकाशच ताणलं तर त्यातली प्रकाशलहरही ताणली जाईल, पट्टी आणि कापड दोन्ही सारखंच ताणलं तर माप कसं कळेल? उत्तर असं की लेसरमधून सतत नवा, न ताणलेला प्रकाश आत येत राहतो. त्याचा वेग ठरलेला आहे. लांब झालेल्या वाटेवर त्याला जास्त वेळ लागतो आणि तो उशिरा परततो. यंत्र मोजतं ते हे उशिरा येणं.

आणि अमेरिकेत दोन असताना आणखी एक इथे कशाला? एकट्या यंत्राला लहर कुठून आली ते नीट कळत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी ती किती अंतराने पोचली यावरून दिशा ठरते, आणि यंत्रं एकमेकांपासून जितकी दूर, तितकी दिशा अचूक. त्या दृष्टीने मराठवाड्यातली जागा मोलाची आहे.

नोबेल कशासाठी मिळालं?

1889 मध्ये मायकेलसन क्लार्क विद्यापीठात आणि 1892 मध्ये नव्या शिकागो विद्यापीठात भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख म्हणून गेला. 1907 च्या नोबेलच्या मानपत्रात ईथरचा उल्लेख नाही. पुरस्कार होता अचूक प्रकाशीय उपकरणांसाठी आणि त्यांतून केलेल्या मापनांसाठी. त्यातलं एक काम 1892-93 मधलं, पॅरिसजवळच्या सेव्हर्सचं. तिथे जपून ठेवलेल्या धातूच्या मीटर-दांड्यात कॅडमियमच्या लाल प्रकाशाच्या किती लहरी मावतात, ते त्याने मोजलं: 15,53,163.5. दांडा हरवला, वाकला, तरी मीटर पुन्हा उभा करता येईल, अशी सोय झाली.

1894 मध्ये शिकागोत केलेल्या एका भाषणात, एका थोर शास्त्रज्ञाचा हवाला देऊन, त्याने म्हटलं होतं की भौतिकशास्त्रातली यापुढची सत्यं दशांश चिन्हानंतरच्या सहाव्या स्थानावर शोधावी लागतील. हे वाक्य आज त्याच्या आंधळेपणाचा पुरावा म्हणून दाखवतात, कारण पुढच्या तीनच वर्षांत क्ष-किरण, किरणोत्सर्ग आणि इलेक्ट्रॉन सापडले. मला हे अन्यायाचं वाटतं. सापेक्षतेचा सज्जड पुरावा दशांशाच्या आठव्या स्थानावरच तर मिळाला होता, आणि तो याच माणसाने मिळवला होता. 1920 मध्ये माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीवर सहा मीटरची तुळई बसवून त्याने आणि त्याचा सहकारी पीझ याने आर्द्रा म्हणजे बीटलज्यूज या ताऱ्याचा कोनीय व्यास काढला. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचा आकार असा मोजला जाण्याची ती पहिली वेळ.

प्रकाशाच्या वेगाकडे तो पुन्हा पुन्हा वळला. 1926 मध्ये दोन पर्वतशिखरांमध्ये, 35 किलोमीटरवर आरसे ठेवून त्याने सेकंदाला 2,99,796 किलोमीटर हा आकडा काढला, मान्य आकड्यापासून चारच किलोमीटर दूर. मग हवेचा अडसर काढण्यासाठी कॅलिफोर्नियात एक मैल लांबीचा निर्वात नळ टाकून नवी मोजणी सुरू केली. ती चालू असताना 9 मे 1931 रोजी त्याचं निधन झालं आणि सहकाऱ्यांनी ती पूर्ण केली.

1983 साली मीटरची व्याख्या बदलली. एका सेकंदाच्या 29,97,92,458 भागांपैकी एका भागात निर्वात पोकळीत प्रकाश जेवढं अंतर कापतो, तो मीटर. म्हणजे प्रकाशाचा वेग आता व्याख्येनेच पक्का झाला आहे. आज कुणी तसाच मैलभर लांब नळ टाकून आरसा फिरवला, तर त्या प्रयोगातून प्रकाशाचा वेग निघणार नाही. निघेल ती नळाची लांबी.